आवाज बसला म्हणून आरशासमोर उभा राहिला, आणि मान का आखडते ते शोधून काढलं

संध्याकाळचे सात वाजले की ऑफिसातल्या निम्म्या माणसांचा हात आपोआप मानेवर जातो. मान डावीकडे मोड, उजवीकडे मोड, खांदे गोल फिरव. घरी गेल्यावर बाम, गरम पाण्याची पिशवी आणि यूट्यूबवरचे पाच मिनिटांचे स्ट्रेचेस. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी दुखणं परत जागेवर.

ते परत का येतं, या प्रश्नाच्या मागे एक माणूस आयुष्यभर लागला होता. तो डॉक्टर नव्हता, पैलवान नव्हता, योगशिक्षकही नव्हता. तो रंगमंचावर उभा राहून शेक्सपिअरचे उतारे म्हणणारा ऑस्ट्रेलियन नट होता. आणि गंमत म्हणजे मुळात त्याची तक्रार मानेची नव्हतीच, घशाची होती.

नाव फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर.

20 जानेवारी 1869 ला टास्मानिया बेटावर, विनयार्ड गावाजवळ त्याचा जन्म झाला. वडील लोहारकाम करायचे. पोरगं दिवस भरायच्या आधीच जन्मलं, त्यामुळे लहानपणापासून श्वासाचा त्रास मागे लागलेला. शाळेत तो मास्तरांना उलटे प्रश्न विचारून भंडावून सोडायचा, शेवटी मास्तरांनी त्याला वेगळं शिकवायला घेतलं. अभ्यासाव्यतिरिक्त वेड दोनच, घोडे आणि नाटक. घोड्यांचं वेड पुढे कामाला आलं, ते ओघात येईलच.

घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांचा असताना तो वॉराटाला माउंट बिशॉफच्या कथलाच्या खाणीत कारकून म्हणून लागला. तीनेक वर्षं पैसे साठवले आणि विसाव्या वर्षी मेलबर्न गाठलं. तिथे दिवसा मिळेल ती कारकुनी आणि संध्याकाळी अभिनयाचे धडे. त्या काळात एकट्याने रंगमंचावर उभं राहून नाटकातले उतारे, कविता म्हणून दाखवायचे कार्यक्रम चालायचे. तिकीट लावून लोक ऐकायला यायचे. अलेक्झांडरचं त्यात नाव व्हायला लागलं.

आणि तेव्हाच आवाज बसायला लागला.

सुरुवातीला नुसती घरघर. मग प्रेक्षकांमधल्या मित्रांनी सांगितलं, की तू तोंडाने श्वास आत ओढतोस तो आवाज आम्हाला ऐकू येतो. डॉक्टर झाले, आवाजाचे शिक्षक झाले, गुळण्या झाल्या, औषधं झाली. एक मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे शक्य तितकं कमी बोला, घशाला विश्रांती द्या. त्याने ते पाळलं. कार्यक्रमाच्या दिवशी आवाज अगदी मोकळा होता. पण अर्ध्यावर पोहोचेपर्यंत घरघर परत आली आणि शेवटी तर बोलणंच मुश्कील झालं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला आणि एक साधा हिशोब मांडला. कार्यक्रम सुरू करताना आवाज चांगला होता, संपताना गेला. म्हणजे मधल्या वेळात मी स्वतःच काहीतरी असं करतोय ज्यामुळे तो जातो. डॉक्टरांना ते पटलं. पण तो नेमकं काय करतोय, ते काही त्यांना सांगता येईना.

मग अलेक्झांडर घरी आला आणि आरशासमोर उभा राहिला.

आधी साधं बोलून बघितलं, काही विशेष दिसलं नाही. मग रंगमंचावर म्हणतो तसा उतारा म्हटला. आता तीन गोष्टी दिसल्या. तोंड उघडायच्या क्षणी तो डोकं मागे ओढत होता, त्यामुळे हनुवटी वर आणि मानेचा मागचा भाग दबलेला. घशातली स्वरयंत्राची पेटी खाली ढकलत होता. आणि तोंडाने हापकन श्वास आत घेत होता. पुन्हा साधं बोलून नीट निरखलं तर तिथेही हेच, फक्त कमी प्रमाणात. म्हणजे सवय रंगमंचावरची नव्हती, दिवसभराची होती. रंगमंचावर ती फक्त मोठी व्हायची.

श्वास आणि स्वरयंत्र थेट आवरता येईना, पण डोकं मागे ओढणं थांबवलं की बाकीच्या दोन्ही गोष्टी आपोआप कमी होत होत्या. म्हणजे किल्ली मानेत होती. शिवाय डोकं मागे गेलं की छाती वर उचलली जायची, पाठ आखडायची आणि अख्खं शरीर उंचीला कमी व्हायचं. हा सगळा प्रकार पायांपर्यंत जात होता. अभिनयाच्या एका शिक्षकाने त्याला जमीन पायांनी घट्ट धरून उभं राहायला शिकवलं होतं, आणि तो इमानेइतबारे पायाची बोटं आकसून उभा राहायचा. शिकलेलीच गोष्ट नडत होती.

हे शरीराच्या रचनेतून बघितलं तर समजायला सोपं जातं. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते मणक्याच्या सगळ्यात वरच्या हाडावर जिथे टेकतं तो सांधा आपल्याला वाटतो तसा मानेच्या मागे खाली नसून दोन्ही कानांच्या मधोमध असतो. डोक्याचं वजन त्या सांध्याच्या थोडं पुढे पडतं. म्हणून मागचे स्नायू दिवसभर हलकासा ताण धरून असतात, ते त्यांचं कामच आहे. पण माणूस पोक काढून बसला, मान पुढे गेली आणि समोर बघण्यासाठी त्याने हनुवटी वर केली, की कवटीच्या तळाचे छोटे स्नायू कायमचे आवळलेले राहतात आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या मोठ्या स्नायूंवर भार येतो. लॅपटॉपसमोर चार वाजता बसलेला कुणीही बघा, बरोबर हीच आकृती दिसेल. मेलबर्नच्या आरशात 1890 च्या दशकात दिसली तीही जवळपास हीच.

आता सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. डोकं मागे जातंय ना, मग पुढे घ्यायचं. अलेक्झांडरनेही तेच केलं. आता आपण डोकं पुढे आणि वर ठेवून बोलतोय, अशी त्याची खात्री होती. तरी पडताळा म्हणून त्याने दोन्ही बाजूंना आणखी दोन आरसे लावले. आणि त्यात दिसलं, की बोलायच्या क्षणी डोकं पूर्वीसारखंच मागे जातंय. त्याला आतून वाटत होतं पुढे, होत होतं मागे.

त्याच्या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा शोध कोणता असेल तर हाच. वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने वापरलेल्या शरीराला तीच पद्धत बरोबर वाटायला लागते. सरळ बस म्हटलं की माणूस छाती काढून, कंबर आत घालून, खांदे मागे खेचून ताठ बसतो आणि त्याला वाटतं की झालो सरळ. प्रत्यक्षात त्याने जुन्या ताणावर नवा ताण चढवलेला असतो. दहा मिनिटांत तो दमतो आणि पुन्हा पोक काढतो.

यातून बाहेर पडायला त्याला पुष्कळ काळ लागला. शेवटी सापडलेला उपाय ऐकायला विचित्र आहे. वाक्य म्हणायचं ठरवायचं, पण लगेच म्हणायचं नाही. त्या पहिल्या उबळीला नकार द्यायचा. मग मनातल्या मनात मानेला मोकळं राहू द्यायचं, डोकं पुढे आणि वर जाऊ द्यायचं, पाठ लांब आणि रुंद होऊ द्यायची. आणि शेवटच्या क्षणी पुन्हा नव्याने ठरवायचं, की बोलायचं, का न बोलता नुसता हात उचलायचा, का काहीच करायचं नाही. निवड खरोखर मोकळी ठेवली की जुनी सवय बेसावध सापडायची. हळूहळू आवाज परत आला. लहानपणापासूनचा श्वासाचा त्रासही कमी झाला.

1895 च्या सुमारास त्याने टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्ये कार्यक्रमांचे दौरे केले. मग लोक कार्यक्रमापेक्षा धड्यांसाठीच त्याच्याकडे यायला लागले. आधी नट आणि वक्ते, मग डॉक्टरांनी पाठवलेले रुग्ण. सिडनीत स्टुअर्ट मॅके नावाच्या सर्जनने त्याला गळ घातली, की तू लंडनला जा, तिथे तुझं चीज होईल. तिकिटाचे पैसे? इथे घोडे आले. शर्यतीत लावलेला पैसा फळला आणि त्यातून लंडनचा प्रवास निघाला, अशी गोष्ट सांगतात. 1904 मध्ये तो लंडनला पोहोचला आणि पुढे वेस्टमिन्स्टर भागातल्या अ‍ॅशली प्लेसमध्ये त्याने बस्तान बसवलं.

तिथे धडा कसा चालायचा? समोर एक साधी खुर्ची. शिकणाऱ्याने उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. अलेक्झांडरचा हात त्याच्या मानेवर आणि पाठीवर हलकेच टेकलेला. नुसत्या शब्दांनी माणूस उलटंच काहीतरी करतो हे त्याला स्वतःवरून माहीत होतं, म्हणून तो हाताने दाखवायचा. खुर्चीच का, ते घरी करून बघता येतं. एक हात मानेच्या मागे अलगद ठेवायचा आणि नेहमीसारखं खुर्चीतून उठायचं. बहुतेकांना हाताखाली मानेचे स्नायू आवळताना आणि डोकं मागे जाताना जाणवतं. उठायचं काम पायांचं आहे, मानेचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी ती मध्ये पडते. दिवसातून किती वेळा आपण उठतो-बसतो ते मोजलं तर खांदे संध्याकाळी का भरून येतात याचा अंदाज येतो.

त्याच्याकडे येणाऱ्यांची यादी दणदणीत आहे. रंगभूमीवरचे ऑस्कर अ‍ॅश आणि लिली ब्रेटन आधी आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो अमेरिकेत शिकवायला लागला आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्याच्याकडे आला. ड्यूईची मान आखडलेली असायची, डोळ्यांवर ताण यायचा. धड्यांनी त्याला इतका फरक पडला, की त्याने अलेक्झांडरच्या तीन पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. 1930 च्या दशकात निद्रानाशाने आणि निराशेने गांजलेला लेखक आल्डस हक्सले आला, त्याच्या 1936 च्या कादंबरीतल्या एका पात्रात अलेक्झांडरची छटा आहे. वयाची 80 गाठलेला जॉर्ज बर्नार्ड शॉ आला. आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असलेलं एक नावही त्या यादीत आहे. 1942 मध्ये क्रिप्स मिशन घेऊन भारतात आलेला सर स्टॅफर्ड क्रिप्स. तो आणि त्याची बायको इझोबेल, दोघंही अलेक्झांडरचे शिष्य.

पण या माणसाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. 1910 मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात गोऱ्या नसलेल्या समाजांना खालच्या पायरीवर ठेवणारी वंशवादी मांडणी आहे. आपली पद्धत मानवजातीच्या झाडून सगळ्या दुखण्यांचं मूळ उपटेल, असा त्याचा सूर असायचा. लिहायचाही फार अवघड. 1932 च्या पुस्तकातलं आरशाचं प्रकरण मात्र आजही वाचण्यासारखं आहे, कारण तिथे त्याने उपदेश बाजूला ठेवून फक्त काय केलं आणि काय फसलं ते सांगितलंय.

व्यायामाबद्दलचं त्याचं मत तर अनेकांना झोंबलं. त्या काळात शाळांमध्ये, लष्करात कवायतीचं वारं होतं. एक-दोन-तीन-चार, हात वर, मान मागे, छाती पुढे. अलेक्झांडरचं म्हणणं, ज्याची मान आधीच आवळलेली आहे त्याने हाच व्यायाम रोज केला तर तो रोज आवळण्याचा सराव करतो. स्नायू मजबूत होतील, पण चुकीची सवयही तितकीच मजबूत होईल. तो पार टोकाला गेला आणि ठरावीक व्यायामप्रकारच नकोत म्हणायला लागला.

आजचे फिजिओथेरपिस्ट इतकं टोकाचं म्हणत नाहीत. मानेच्या साध्या दुखण्यात हालचाल चालू ठेवणं आणि हलके व्यायाम करणं हे उपयोगी मानलं जातं. पण ते करण्याच्या पद्धतीत अलेक्झांडरचा मुद्दा लागू पडतोच. कान खांद्याकडे झुकवायचा, तर दुसरा खांदा वर उचलला जातोय का ते बघायचं, बहुतेक वेळा जातो. हाताने डोकं ओढून ताण वाढवायचा नाही, डोक्याचं वजन पुरेसं असतं. दहा-पंधरा सेकंद थांबायचं, आणि त्या वेळात श्वास रोखला जात असेल तर आपण ताणत नसून झगडतोय असं समजायचं. खांद्याची पाती मागे घेताना हनुवटी पुढे पळते, तिला पळू द्यायचं नाही. होकार देताना जितकी हलते तितकीच मान कानांच्या मधल्या त्या सांध्यातून हळू हलवली तर कवटीखालचे स्नायू सुटायला मदत होते. आणि आपल्याला वाटतंय तसंच होतंय का, हे बघायला तीन आरसे लागत नाहीत, मोबाईल बाजूला उभा करून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला तरी पुरतो. बघून धक्का बसेल, ही गोष्ट वेगळी.

त्याच्या शिष्यांच्या परंपरेतली आणखी एक गोष्ट घरी करता येते. जमिनीवर सतरंजी टाकून पाठीवर झोपायचं, गुडघे वर, तळवे जमिनीवर टेकलेले, हात पोटावर. डोक्याखाली उशी नाही, दोन-तीन पातळ पुस्तकं. हनुवटी छताकडे उलटी पडणार नाही आणि गळ्यावर दबणारही नाही इतकीच उंची. डोळे उघडे. दहा-पंधरा मिनिटं काहीही ताणायचं नाही, फक्त कुठे काय आवळून धरलंय ते लक्षात आलं की सोडायचं. उठताना कुशीवर वळून उठायचं.

अर्थात दुखणं पडण्यामुळे किंवा अपघातामुळे सुरू झालं असेल, हाताला मुंग्या येत असतील, हातातली ताकद कमी झाली असेल, तापासोबत मान ताठ झाली असेल, किंवा खांदा-हात दुखताना छातीत दाब आणि घाम येत असेल, तर पुस्तकं आणि स्ट्रेचेस बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

व्यायामाच्या याच वादाने अलेक्झांडरला म्हातारपणी कोर्टात नेलं. दक्षिण आफ्रिकेत त्याची पद्धत शाळांमध्ये आणावी अशी चर्चा सुरू झाली होती. तिथले शारीरिक शिक्षण क्षेत्रातले अधिकारी डॉ. अर्न्स्ट योकल यांच्या हे डोक्यात गेलं. 1944 मध्ये तिथल्या एका सरकारी नियतकालिकात लेख आला, त्यात अलेक्झांडरला सरळसरळ भोंदू ठरवलं होतं. पंचाहत्तरीच्या अलेक्झांडरने बदनामीचा दावा ठोकला. हरला असता तर पन्नास वर्षांचं काम आणि उरलेली शिदोरी दोन्ही गेली असती.

दावा वर्षानुवर्षं रेंगाळला. समोरच्या बाजूने साक्ष द्यायला हेन्री डेल आणि एडगर एड्रियन असे दोन नोबेलविजेते शास्त्रज्ञ होते. याच्या बाजूने त्याचे शिष्य, काही डॉक्टर. सुनावणी तोंडावर आली असतानाच, डिसेंबर 1947 मध्ये, 78 वर्षांच्या अलेक्झांडरला पक्षाघाताचा झटका आला. जोहान्सबर्गला जाणं शक्य नव्हतं. 1948 मध्ये त्याच्या गैरहजेरीतच खटला चालला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. 1000 पौंड भरपाई, वर खर्च. 1949 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तोपर्यंत तो झटक्यातून सावरून पुन्हा शिकवायलाही लागला होता. 10 ऑक्टोबर 1955 ला लंडनमध्ये तो गेला, तेव्हा वय 86 होतं.

कोर्टात बदनामी सिद्ध झाली म्हणजे पद्धत सिद्ध झाली असं होत नाही. ते काम नंतरच्या लोकांनी केलं. 1973 मध्ये निकोलास टिंबर्गन या शास्त्रज्ञाने नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानाचा मोठा भाग अलेक्झांडरवर खर्च केला, कारण स्वतः, बायको आणि मुलगी असे तिघंही धडे घेत होते. अर्थात तोही अनुभवच, पुरावा नव्हे. खरी तपासणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये मानेच्या जुनाट दुखण्याच्या 517 रुग्णांचे तीन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला जोडीला अ‍ॅक्युपंक्चर, तिसऱ्याला जोडीला अलेक्झांडर पद्धतीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे 20 धडे. वर्षभरानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं दुखणं नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालेलं होतं, आणि त्या दोघांमध्ये फारसा फरक नव्हता.

त्याआधी 2008 मध्ये पाठदुखीवरही असाच एक मोठा अभ्यास झाला होता, 579 रुग्णांवर. त्यात 24 धडे घेतलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पण 24 धडे म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही भरपूर. म्हणून एका गटाला फक्त सहा धडे देऊन वर डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला होता, मुख्यतः रोजचं चालणं. व्यायामाच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडणाऱ्या माणसाचे सहा धडे आणि व्यायाम मिळून परिणाम 24 धड्यांच्या बराच जवळ गेला.